खिडकीशी या

पस्तीस वर्षं मी सूत रंगवतोय.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये, वाफेत उभा राहून
सांगू शकतो, कुठल्या बॅचला मीठ कमी पडलं.
पण तोंडातला एक दात
मला कधी जुळवता आला नाही.

वरचा, समोरचा, डावा.
एकोणिसाव्या वर्षी मागावरून धोटा उडाला,
ओठ फाटला, दात जागेवर राहिला.
आई म्हणाली, वाचलास.
दात आतून गेला होता
हे त्यानं सावकाश कळवलं:
आधी पिवळट, मग राख,
मग न पुसलेल्या पाटीसारखा.

लिंबू चोळलं. सोडा. विटकरीची पूड.
"खरवडताय तुम्ही," बागवान डॉक्टरीण म्हणाली,
कन्ना चौकातल्या तिच्या पहिल्या मजल्यावर,
"वरची झिलई गेली की डाग जास्तच धरतो."
हे तर मला ठाऊक होतं.
ब्लीच जास्त झालं की सूत कुजतं,
टॉवेल पांढराशुभ्र निघतो
आणि तिसऱ्या धुण्याला फाटतो.
तिच्या बाटलीवरचं नाव वाचून हसू आलं.
पेरॉक्साइड. आमच्याकडं निळ्या पिंपात येतं.
"तुमचं पातळ असेल," मी म्हणालो.
"तुमच्या टॉवेलला हिरड्या नसतात," ती म्हणाली.

मग ती मला कळेल असं बोलली,
की मीच तसं ऐकलं, कोण जाणे.
चहा, पान, मिसरी: वरचा रंग, कच्चा.
साफसफाईत निघतो, पुन्हा लावला नाही तर.
पण आमचा महांतेश, पिंपं उचलणारा पोरगा,
हसला की दातांवर खडूचे ढग, तांबूस रेघा.
तो रंग गावच्या बोअरचा,
दात हिरडीत घडत असतानाच मुरलेला.
आधी रंगवून मग विणलेलं सूत ते.
धुलाई नाही, वरून अस्तर लावता येतं फक्त.
त्याच्या धाकट्या भावाला मात्र
आत्तापासून दुसरं पाणी देता येईल.
हे त्याला सांगायचं होतं. दोन दिवस विसरलो.

माझी नसच मेलेली.
आतलं साफ करून वर कॅप.
तिनं डबी उघडली: सोळा खोटे दात काड्यांना लावलेले,
जसे आमच्या कार्डावर लडीचे तुकडे.
ट्यूबलाइटखाली एकेक ओठाशी धरू लागली
तसा मी उठलोच.
"मॅडम, ट्यूबखाली रंग बघत नाहीत.
खिडकीशी या. उत्तरेकडच्या."
आली. गळ्यात फडकं बांधलेला मी
खालच्या रिक्षावाल्यांना दात दाखवत उभा.
"सगळ्यात पांढरा लावू?"
नको. चादरीत एक धागा उजळ निघाला
तर अख्खा माल परत येतो.
शेजाऱ्यांसारखा द्या. चहा प्यालेला.

पुढच्या खेपेला नरसम्माला नेलं.
नेलं म्हणजे, आठ दिवस भांडून.
रोजच्या हजार विड्या वळून
उरलेला चुरा तव्यावर भाजायची,
बोटानं लावल्याशिवाय तिचं उजाडायचं नाही.
हसताना पदर. फोटोत पदर.
नातीनं एकदा विचारलं होतं, अव्वा, तुझे दात जळाले का?

डॉक्टरीण दातांआधी गालाच्या आत बघत राहिली,
बॅटरी धरून, बराच वेळ.
"सध्या काही नाही," म्हणाली.
सध्या, हा शब्द तिनं दोनदा म्हटला.
मग यंत्र सुरू झालं.

मी बेसिनकडं बघत होतो.
पहिली चूळ काळी. मग काथ.
मग चहा. मग फिकट, फिकट.
पाणी निवळलं की धुलाई झाली,
हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात.
नरसम्मानं जीभ फिरवून पाहिली.
"गार लागतंय," म्हणाली,
"दुसऱ्या कुणाचे असल्यागत."

आज पहाटे फळीवर तिचं बोट गेलं.
डबी नव्हती. मी लपवली नव्हती.
बोट तसंच राहिलं जरा वेळ हवेत,
मग तिनं ते पदराला पुसलं
आणि विचारलं,
माझा ब्रश हिरवा की निळा?
लाइट गेलेली. दोन्ही हातात घेऊन
मी दाराकडं गेलो,
उजाडायची वाट बघत.